माळव्याच्या पावसात लांब चालायचंय? हलका रेनकोट असा निवडा

इंदूरहून जुलै-ऑगस्टात जानापाव किंवा कजलीगढला चालत जाणारे असोत, की श्रावणात ओंकारेश्वरहून जल घेऊन उज्जैनला निघालेले कावडवाले; अंग पावसाने कमी आणि रेनकोटच्या आतल्या घामाने जास्त भिजतं. महागड्या ‘ब्रीदेबल’ कापडातून वाफ बाहेर पडते ती आतल्या-बाहेरच्या दमटपणातल्या फरकामुळे. आपल्या उबदार, ओल्या हवेत तो फरकच थोडा असतो. म्हणून लेबलवरच्या ‘ब्रीदेबल’ आकड्यासाठी पैसे मोजू नका. हवा खेळायला जागा किती, ते बघा.

१. आधी प्रकार ठरवा. सपाट, मोकळ्या वाटेसाठी सिलिकॉनचा लेप दिलेल्या नायलॉनचा पोंचो उत्तम: वजन साधारण 250 ते 300 ग्रॅम, आणि सॅकही झाकली जाते. वाऱ्यात तो फडफडतो, तेव्हा कमरेला सुतळी बांधा. उताराला मात्र पुढचा घोळ पाय दिसू देत नाही. तो वर खोचून घ्या. झाडीतून किंवा जानापावच्या उघड्या माथ्यावर जायचं असेल तर काखेत चेन असलेलं जॅकेट बरं. स्कूटरवर घालायचा जाड सूट चालण्यासाठी नकोच, आणि ‘विंडचीटर’ फार तर भुरभुर सोसतो.

२. दुकानात भरलेली सॅक घेऊनच जा. जॅकेटवर 10,000 मिमी (कापड किती उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसतं, त्याचं माप) किंवा जास्त लिहिलेलं असावं. सॅकचे पट्टे खांद्यावर दाबतात आणि कमी क्षमतेच्या कापडातून पाणी तिथूनच आत ढकललं जातं. जॅकेट उलटं करून प्रत्येक शिवणीवर टेप आहे ना, पाहा. टोपी घालून मान वळवा. टोपीही सोबत वळायला हवी, नाहीतर एक डोळा झाकला जातो.

३. घरी शॉवरखाली तपासा. आत फिकट राखाडी सुती टी-शर्ट घाला, सॅक चढवा आणि दहा मिनिटं नुसतं उभं राहा. खांद्यावर, गळ्याशी किंवा चेनच्या रेषेत गडद डाग पडला तर ती गळती. अंग पुसून, कोरडा टी-शर्ट घालून जिने चढा-उतरा. आता पाठ सारखी ओलसर झाली तर तो घाम; त्यासाठी कापड बदलून उपयोग नाही, चेन उघडा.

४. पावसाळी पँट सहसा लागत नाही. लवकर वाळणारी हाफपँट पुरते. चिखल पोटऱ्यांवर बसतो, तो धुता येतो.

५. सॅकच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी लावा आणि तोंड पिळून दुमडा. नुसत्या रेनकव्हरवर विसंबू नका, कारण पाठीवरून ओघळणारं पाणी मागच्या बाजूने शिरतंच.

घरी आल्यावर रेनकोट सावलीत पूर्ण वाळवून सैल टांगा. ओला घडी करून ठेवला तर पॉलियुरेथेनचा लेप चिकट होऊन सोलतो, आणि मग तो दुरुस्त होत नाही. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर टाळा. त्याने पाणी कापडावरून ओघळून जाण्याऐवजी कापडातच मुरायला लागतं.