मटेरियल सायन्समध्ये एम.टेक. करायचंय? आधी एक सॅम्पल पॉलिश करून बघा

दरवर्षी जुलै-ऑगस्ट आला की कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, "दादा मी मेकॅनिकलचा आहे, मटेरियलला गेलो तर चालेल का, स्कोप आहे का?" स्कोपचं नंतर बघू, माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मेटलोग्राफीचं (धातूची आतली रचना मायक्रोस्कोपखाली बघण्याचं) सॅम्पल कधी स्वतः पॉलिश केलंय का? बहुतेकांनी केलेलं नसतं, किंवा ग्रुपमध्ये एकाने केलं आणि बाकीच्या चौघांनी जर्नल उतरवलं, असं असतं.

म्हणून पहिली पायरी फॉर्म नाही, लॅब. जवळच्या कॉलेजच्या मेटलर्जी किंवा मेकॅनिकल डिपार्टमेंटमधल्या सरांना नीट विचारा आणि एक दुपार मागून घ्या. साध्या स्टीलचा बोटभर तुकडा घ्यायचा, 220 नंबरच्या एमरी पेपरवर एकाच दिशेने घासायचा, मग 400, 600, 800, 1000 असं वर जायचं, आणि प्रत्येक नव्या पेपरवर सॅम्पल 90 अंशात फिरवायचं म्हणजे आधीचे ओरखडे पूर्ण गेले की नाही ते कळतं. मधे पाण्याने धुवायचं, आळस केला तर जाड कण पुढच्या पेपरवर येतो आणि सगळी मेहनत पाण्यात. शेवटी कापडावर अल्युमिना किंवा डायमंड पेस्ट, मग नायटलमध्ये काही सेकंद (हे लॅबवाल्यांच्या देखरेखीतच करा, त्यात नायट्रिक अ‍ॅसिड असतं), आणि मायक्रोस्कोपखाली पांढरं फेराइट आणि काळपट पट्ट्यापट्ट्यांचं पर्लाइट दिसतं (स्टीलच्या आतल्या दोन घटकांची ही नावं). ते बघून अंगावर काटा आला तर पुढे वाचा. हात दुखले आणि नुसता वैताग आला तरी हरकत नाही, कॉम्प्युटेशनल मटेरियल्सकडे जाता येतं, तिथे सिम्युलेशन असतं, पण हे आधी कळलेलं बरं ना, दुसऱ्या सेमिस्टरला कळण्यापेक्षा.

आता पेपर कुठला द्यायचा. आयआयटी, एनआयटी, बंगळूरची आयआयएससी या सगळ्यांना मुख्य रस्ता गेट या प्रवेश परीक्षेचाच. मेटलर्जीवाल्यांसाठी एमटी पेपर आहे, त्यात मिनरल प्रोसेसिंग आणि एक्स्ट्रॅक्शनपासून फिजिकल आणि मेकॅनिकल मेटलर्जीपर्यंत सगळं येतं. मेकॅनिकल, केमिकल किंवा बाकीच्या ब्रँचवाल्यांना एक्सई (इंजिनिअरिंग सायन्सेस) पेपर सोयीचा पडतो: त्यात मॅथ्स 15 मार्कांचं सक्तीचं, अ‍ॅप्टिट्यूड 15, आणि उरलेल्या 70 साठी दोन सेक्शन तुम्ही निवडायचे, प्रत्येकी 35 चे. मटेरियल सायन्स एक घ्या आणि दुसरा तुमच्या ब्रँचचा, म्हणजे मेकॅनिकलवाल्याने सॉलिड मेकॅनिक्स किंवा थर्मोडायनॅमिक्स, पॉलिमरवाल्याने पॉलिमर. फिजिक्स-केमिस्ट्रीत एमएस्सी केलेल्यांनाही बऱ्याच ठिकाणी त्यांच्या विषयाच्या गेटवर मटेरियलचं एम.टेक. मिळतं, त्यामुळे "आपण इंजिनिअर नाही" म्हणून मागे हटू नका. फक्त एक करा, ज्या चार-पाच ठिकाणी जायचंय त्यांचं त्या वर्षीचं अ‍ॅडमिशन ब्रोशर उघडून कुठला पेपर चालतो ते आधी वाचा आणि मग गेटचा फॉर्म भरा. उलटं करणारे खूप भेटतात, मग स्कोर चांगला पण त्या प्रोग्रामला तो पेपरच चालत नाही.

फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, परीक्षा फेब्रुवारीत, 65 प्रश्न, तीन तास, आणि स्कोर तीन वर्षं चालतो. तिसऱ्या वर्षातही देता येते, द्याच, अनुभव म्हणून.

अभ्यासाचं फार लांबवत नाही. एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटीतल्या प्राध्यापकांची लेक्चर्स फुकट आहेत, क्लासला पैसे घालण्याआधी ती बघा. मिलर इंडायसेस, ब्रॅगचा नियम, डिफ्युजन, हॉल-पेच आणि फेज डायग्राम एवढं हातात बसलं पाहिजे, आणि "बसलं" म्हणजे गणित सोडवून. उदाहरण द्यायचं तर 0.4 टक्के कार्बनचं स्टील हळूहळू थंड केलं तर पर्लाइट किती? लिव्हर रूल (फेज डायग्रामवरून कुठला घटक किती ते काढायचा नियम) लावा, युटेक्टॉइडला (जिथे सगळं पर्लाइटच असतं) 0.76 आणि फेराइटला 0.022 धरलं तर उत्तर येतं 51 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ निम्मं. आणि तुम्ही लॅबमध्ये पॉलिश केलेला तुकडा या स्टीलचा असेल तर मायक्रोस्कोपमध्ये निम्मं काळं निम्मं पांढरं दिसलेलं असतं, मग हे गणित पाठ करावं लागत नाही. न्यूमेरिकल उत्तराच्या प्रश्नांना निगेटिव्ह मार्किंग नाही, एकही रिकामा सोडू नका. आणि सराव स्क्रीनवरच्या कॅल्क्युलेटरवरच करा, स्वतःचा आत नेता येत नाही.

मार्चमध्ये रिझल्ट लागला की खरी धावपळ. इथे सगळ्यात जास्त पोरं गंडतात ती कोआपमुळे, म्हणजे आयआयटींच्या ऑफर एकत्र दाखवणाऱ्या पोर्टलमुळे. कोआपवर रजिस्टर केलं म्हणजे आयआयटीला अर्ज झाला असं नाही!! प्रत्येक आयआयटीचा अर्ज तिच्या स्वतःच्या पोर्टलवर वेगळा भरायचा, कोआपवर फक्त त्यांच्या ऑफर दिसतात आणि तिथे उत्तर द्यायचं असतं: अ‍ॅक्सेप्ट अँड फ्रीझ केलं की विषय संपला, पुढच्या राउंडमध्ये तुम्ही नाही, रिटेन अँड वेट म्हणजे हातातली धरून पुढची वाट बघायची, रिजेक्ट म्हणजे सोडलीच. एनआयटींसाठी वेगळं काउन्सेलिंग, सीसीएमटी, नागपूरचं व्हीएनआयटी त्यात येतं. पवईला, म्हणजे आयआयटी बॉम्बेला, मेटलर्जी आणि मटेरियल सायन्स एकाच डिपार्टमेंटमध्ये आहेत, पुण्यात सीओईपीला मेटलर्जीची जुनी परंपरा आहे. सगळ्या तारखा एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवा, मोबाईलच्या रिमाइंडरवर विसंबू नका (मी विसंबलो होतो, एक अर्ज गेला).

कुठलं कॉलेज यापेक्षा कुठली लॅब, हे माझं स्पष्ट मत आहे आणि यावर घरात भांडणं होतात हेही माहितीये. काकांना फक्त आयआयटी हा शब्द ऐकायचा असतो. पण तुमचं दुसरं वर्ष जवळजवळ पूर्ण थिसिसमध्ये जातं, म्हणजे एक गाईड, एक मशीन आणि तुम्ही. म्हणून डिपार्टमेंटच्या पेजवर जाऊन प्राध्यापकांचे गेल्या तीन वर्षांतले पेपर चाळा, बॅटरी, बायोमटेरियल, स्टील, सेमीकंडक्टर, कोरोजन, काय चाललंय ते बघा, आणि मग त्यांच्या आत्ताच्या विद्यार्थ्यांना मेल करा. विचारायचं काय? एसईएमचा (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा) स्लॉट किती दिवसांनी मिळतो, एक्सआरडी (एक्स-रेने स्फटिकरचना बघायचं मशीन) बंद पडलं तर काय करतात, गाईड आठवड्यातून किती वेळा भेटतात. "सर चांगले आहेत का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात.

पैशांचं थोडक्यात: गेटवाल्या एम.टेक.ला महिना 12,400 रुपये स्टायपेंड मिळतो, त्याबदल्यात आठवड्याला आठ तास टीचिंग असिस्टंटचं काम. मेसचं निघतं, घरी पाठवायला काही उरत नाही. पीएचडीला 2023 पासून पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि पुढे 42,000, वर घरभाडं. रिसर्चच करायचा पक्का असेल तर जमशेदपूरची एनएमएल, पुण्याची एनसीएल, हैदराबादची डीएमआरएल या सरकारी संशोधन प्रयोगशाळांची नावंही डोक्यात असू द्या, सगळं काही कॅम्पसमध्येच होतं असं नाही. परदेशाचं म्हणाल तर अमेरिकेत बी.टेक.नंतर थेट पीएचडीला अर्ज करता येतो आणि तिथे फंडिंग असतं, मास्टर्सला बहुतेकदा स्वतःचा खर्च, आणि डेडलाइन डिसेंबरच्या आसपास म्हणजे गेटच्याही आधी. जर्मनीला जायचं तर एपीएस सर्टिफिकेट (तुमची शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं) लागतं, त्याला वेळ जातो, ते आधी सुरू करा.

अ‍ॅडमिशन झाली, हॉस्टेल मिळालं, आता पहिल्या महिन्यात दोनच गोष्टी. एक, सगळ्या मशीन्सचं ट्रेनिंग लगेच बुक करा आणि ऑपरेटर काकांशी ओळख करून घ्या, सहाव्या महिन्यात सगळे एकदम जागे होतात आणि मग रांग लागते. दोन, सॅम्पलवर नंबर. हे कुणीच सांगत नाही. मी पहिल्या हीट ट्रीटमेंटला स्टीलचे सहा तुकडे भट्टीत टाकले, प्रत्येकाची वेळ वेगळी, नंबर लिहिले परमनंट मार्करने. 900 डिग्रीला कसला परमनंट आणि कसलं काय, बाहेर आले ते सहाही काळे कुळकुळीत, एकसारखे, कोण अर्धा तास होता आणि कोण चार तास काही पत्ता नाही. परत कापले, परत तापवले, आठवडा गेला. तेव्हा भट्टीत टाकण्याआधी स्टीलच्या नंबर-पंचने हातोडीने ठोकून नंबर घाला, जी बाजू पॉलिश करणार तिच्या उलट बाजूला, आणि वहीत त्याच वेळी लिहा, जेवून आल्यावर नाही.