रीबूटनंतर कॉनट्रॅकची मर्यादा पुन्हा 65536

संध्याकाळी गर्दी वाढली की आमचा लिनक्स सर्व्हर नवी कनेक्शनं घेईना. कर्नल लॉगमध्ये एकच ओळ: टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट. कॉनट्रॅक म्हणजे चालू कनेक्शनांची नोंद ठेवणारा कर्नलचा भाग. त्याच्या टेबलात जास्तीत जास्त किती नोंदी राहतील हे ठरवणारं एनएफ-कॉनट्रॅक-मॅक्स 65536 वर होतं, ते 262144 केलं आणि लगेच फरक पडला. पण सिस-सीटीएल या कर्नलची सेटिंग्ज बदलणाऱ्या कमांडला डॅश-डब्ल्यू देऊन केलेला बदल फक्त मेमरीत राहतो. म्हणून ईटीसीमधल्या सिस-सीटीएल-डी फोल्डरमध्ये डॉट-कॉन्फ फाइल लिहिली.

तरी रीबूटनंतर आकडा जुनाच! फाइल तीनदा तपासली. या फाइली वाचून लावणारं सिस-सीटीएल डॅश-डॅश-सिस्टिम हातानं चालवलं की मूल्य बरोबर लागायचं. त्यामुळेच मी जास्त गोंधळलो. शेवटी जर्नल-सीटीएल या लॉग दाखवणाऱ्या कमांडनं सिस्टिमडी-सिस-सीटीएलचा, म्हणजे बूटच्या वेळी याच फाइली लावणाऱ्या सर्व्हिसचा, लॉग पाहिला: नो सच फाइल. बूटच्या त्या क्षणी कॉनट्रॅक मॉड्यूल (कर्नलला गरजेनुसार जोडला जाणारा भाग) लोडच झालेलं नव्हतं, तर सेटिंग लागणार कुठे? फायरवॉलचे नियम नंतर आले, त्यांनी मॉड्यूल आणलं, तेही डिफॉल्ट आकड्यासकट.

बूटच्या वेळी कोणती मॉड्यूल्स लोड करायची हे सांगणाऱ्या मॉड्यूल्स-लोड-डी फोल्डरमध्ये एका ओळीची फाइल ठेवली, आत फक्त एनएफ-अंडरस्कोर-कॉनट्रॅक. तिथली मॉड्यूल्स सिस-सीटीएलच्या आधी लोड होतात. दोनदा रीबूट करून पाहिलं, दोन्ही वेळा 262144.