गुऱ्हाळं आणि खानावळी: कोल्हापुरातल्या शनिवार-रविवारची तयारी

वायनरी बघायला माणसं नाशिकची वाट धरतात. कोल्हापूरला यायचं ते उसासाठी, आणि तेही गुऱ्हाळं पेटलेली असताना. म्हणून पहिली तयारी कॅलेंडरची. दिवाळी सरल्यापासून मार्चपर्यंतचा कुठलाही शनिवार-रविवार धरा. पावसाळ्यात आलात तर पन्हाळा हिरवागार दिसेल, पण गुऱ्हाळाचं चुलाण, म्हणजे रस आटवायची भट्टी, थंड असेल.

त्यानंतर फोन. करवीर आणि पन्हाळा तालुक्यांत गुऱ्हाळं आहेत, पण पूर्वीइतकी राहिलेली नाहीत. ऊस कारखान्याला घालणं शेतकऱ्याला सोपं पडतं. तेव्हा रस्त्यात कुठंतरी दिसेलच, या भरवशावर निघू नका. ओळखीपाळखीतून एखाद्या गुऱ्हाळाचा नंबर आधीच मिळवा, आणि नुसतं 'चालू आहे का' विचारून फोन ठेवू नका; 'आदण (काहिलीत एका वेळी आटवायचा रस) किती वाजता उतरणार' हे विचारा. माझ्या मते अख्ख्या सहलीतला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. एक आदण व्हायला साधारण अडीच-तीन तास लागतात. सुरुवातीला भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी रसात घालतात, ते मळी धरून वर आणतं आणि ती काढून टाकतात. हे बघायला मिळालं तर उत्तमच, पण शेवटचा अर्धा तास चुकवू नका. पाक 105 अंशांच्या आसपास असताना काढली ती काकवी, म्हणजे पातळ गूळ; 118 च्या जवळ गेला की गूळ. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, मात्र आकड्यावर विसंबत नाही. चार थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळून बघतो, पुन्हा टाकतो. ती गोळी मनासारखी वळली की लगेच काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, उतरवायची गडबड उडते आणि पाक वाफ्यात, म्हणजे थंड करायच्या उथळ हौदात, ओतला जातो. त्या क्षणी त्याला काही विचारू नका, फोटोसाठी आडवे जाऊ नका. दोन मिनिटं उशीर झाला तरी आदण बिघडतं.

पिशवीत भाजलेले शेंगदाणे आणि ओल्या खोबऱ्याचे तुकडे घ्या. वाफ्यातल्या गरम गुळासोबत खायला याहून चांगलं काही नाही. रसासाठी आलं-लिंबू आपलं आपण न्यावं. काकवीसाठी घट्ट झाकणाची काचेची बाटली, गुळासाठी स्टीलचा डबा. कपडे सुती, पायात बंद बूट, आणि लहान मुलांचा हात सोडायचा नाही. उकळता पाक अंगावर उडाला तर चिकटून बसतो, पाण्यासारखा ओघळत नाही.

खरेदी करताना पिवळ्याधमक रव्याला, म्हणजे गुळाच्या ढेपेला, भुलू नका. तो रंग बऱ्याचदा हायड्रॉस या रंग उजळवणाऱ्या रासायनिक पावडरीचा असतो. बिनरसायनाचा गूळ तांबूस-काळपट दिसतो. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पण डोळ्यांसमोर उतरलेल्या आदणाची खात्री वेगळीच. भावावरून घासाघीस नको. टनभर उसातून जेमतेम 100 ते 120 किलो गूळ निघतो, आणि त्यामागे पहाटेपासून राबणारी माणसं असतात. सुटे पैसे जवळ ठेवा.

आता वारांचा हिशोब. पन्हाळ्याच्या बाजूचं गुऱ्हाळ असेल तर ते शनिवारीच उरका. रविवार जोतिबाचा वार, त्या रस्त्याला गर्दी लागते. शनिवारी बरीच घरं मटण करतही नाहीत, त्यामुळे त्या दिवशी सकाळी मिसळ खाऊन निघावं, हे बरं जमतं. उद्यमनगरातली फडतरे किंवा कसबा बावड्यातली बावडा मिसळ, दोन्ही नावाजलेल्या. मला सकाळी लवकर जाणं नावापेक्षा महत्त्वाचं वाटतं. ब्रेडबरोबर खायची आणि कट, म्हणजे तिखट रस्सा, बेतानं मागायचा, पुढं रस प्यायचाय. गुऱ्हाळावरून येताना पन्हाळ्यावर झुणका-भाकरी आणि मडक्यातलं दही. संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर डोळ्यांसमोर पिळलेलं म्हशीचं फेसाळ दूध मिळतं. कच्चं दूध पोटाला सोसत नसेल तर बघून पुढं जावं.

मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा रविवारी दुपारी. मोठ्या पाटीचं हॉटेल टाळा, घरच्यांनीच चालवलेली छोटी खानावळ शोधा, आणि साडेबाराच्या आत पोचा. दीडनंतर रांग लागते आणि सुकं मटण संपतं. पांढरा रस्सा आधी, नुसताच, वाटीनं प्यावा. मटणाच्या आळणी पाण्यात नारळाचं दूध आणि खसखस-काजूचं वाटण असतं, ते गरम असतानाच कळतं. तांबडा भाकरीबरोबर. तिखटाची सवय नसलेल्यांनी पाण्याऐवजी सोलकढी मागवावी. आणि परतीची गाडी चारच्या आधीची काढू नका, जेवून लगेच उठवणार नाही.