ग्रामसभेत पाण्याचा आणि ज्वारीचा ठराव कसा पास करून घ्यायचा (सोलापूरकरांसाठी)

शेतीचं धोरण मुंबई-दिल्लीत ठरतं हे खरं, पण आपल्या गावात कुठलं काम घ्यायचं हे ग्रामपंचायतीच्या आराखड्यात लिहिलेलं असतं, आणि तिथे काय लिहायचं ते ग्रामसभेत आपणच सांगू शकतो. बहुतेक गावांत तिथे रस्ता, गटार, पेव्हर ब्लॉक एवढंच जातं आणि पाणी आणि धान्य राहून जातं, याचं फार वाईट वाटतं.

सुरुवात पाण्याच्या ताळेबंदापासून करा, म्हणजे गावात पाणी आलं किती आणि पिकांना लागतं किती याचा हिशोब. सप्टेंबर संपता संपता गावातल्या दहा-बारा विहिरींची पाणीपातळी मोजायची आणि पावसाचा आकडा महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावरून घ्यायचा. हिशोब सोपाय, १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर, म्हणजे ५०० मिलिमीटर झाला तर हेक्टरी ५० लाख लिटर, त्यातलंही बरंच वाहून जातं नाहीतर उडून जातं. आणि पाटपाण्यावरचा ऊस हेक्टरी दोन कोटी लिटरच्या आसपास पितो. हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा, लोकांना लगेच कळतं. नगर जिल्ह्यातल्या हिवरेबाजार गावात असाच ताळेबंद गावासमोर मांडून पिकं ठरवतात.

पण ऊसवाल्यांशी भांडू नका, त्यांच्याही घरची चूल त्याच्यावरच पेटते आणि भांडणात ठराव कधी पास होत नाही. ऊस ठिबकवर असावा, पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवीन बोअर होऊ द्यायची नाही (भूजल कायद्यातच आहे ते), आणि पाऊस कमी झाला की रब्बीला ज्वारी, हरभरा, करडई आधी, एवढं मागा. मालदांडी ज्वारी आपल्या मोहोळच्या संशोधन केंद्रातूनच पुढे आली, मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ ला जीआय (त्या भागाच्या मालाची खास ओळख म्हणून सरकारी नोंद) मिळालंय, जमिनीतल्या ओलीवर येते आणि वर जनावराला कडबा. अशा पिकासाठी आपण कागद हलवत नाही, हे बदलायलाच पाहिजे.

आता ज्वारी पेरलेल्या प्रत्येकाने ई-पीक पाहणीत (मोबाईल अ‍ॅपवरून सातबाऱ्यावर पीक लावायची सोय) नोंद केलीच पाहिजे, कारण हमीभावाच्या खरेदीला सातबाऱ्यावर पीक दिसावं लागतं, नोंद नसेल तर केंद्रावरून माघारी यावं लागतं. ठरावातच लिहा की ज्यांना मोबाईल जमत नाही त्यांची नोंद करायला ग्रामपंचायतीने माणूस द्यावा.

रेशनचंही त्याच ठरावात घ्या. अन्नसुरक्षा कायदा २०१३ मध्ये गहू-तांदळासोबत भरडधान्यही आहे, म्हणून हमीभावाने घेतलेली ज्वारी आपल्याच तालुक्यातल्या रेशनला मिळावी अशी मागणी तहसीलच्या पुरवठा शाखेकडे करता येते. एका ठरावाने लगेच होईल असं नाही पण दहा गावांचे ठराव गेले की दखल घ्यावीच लागते.

महिला सभा ग्रामसभेच्या आधी होते, ती अजिबात सोडू नका. मार्च-एप्रिलमध्ये टँकरची वाट कोण बघतं आणि रेशनच्या लाईनीत कोण उभं राहतं हे त्यांनाच जास्त माहित, त्यांनी विषय लावून धरला की मुख्य सभेत तो टाळणं अवघड जातं.

मुख्य सभा २ ऑक्टोबरची धरा, पुढच्या वर्षाच्या आराखड्याची तयारी तेव्हाच चालू होते. विषय लेखी अर्जाने आधीच द्या, ऐनवेळच्या विषयात टाकला तर मागे पडतो. गणपूर्तीला, म्हणजे सभा भरायला कमीत कमी, १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल ते, म्हणून आदल्या दिवशी वाडी-वस्तीवर फिरून माणसं गोळा करा.

ठरावात "पाणी वाचवावे" असली वाक्यं नकोत. कुठल्या ओढ्यावर, कुठल्या गट नंबरला बांधबंदिस्ती, किती शेततळी, कोणी आणि कधीपर्यंत, असं लिहून घ्या आणि सही व्हायच्या आधी इतिवृत्त मोठ्याने वाचायला लावा. मग नक्कल घेऊन एक प्रत गटविकास अधिकाऱ्याला, एक तहसीलला, एक तालुका कृषी अधिकाऱ्याला द्या, आणि तिन्हीकडची शिक्का मारलेली पोच फाईलला लावा. २६ जानेवारीच्या सभेत तीच फाईल उघडून कुठलं काम कुठवर आलं ते विचारायचं.