सुन्नत पद्धतीने पाणी कसं प्यायचं: तीन श्वासांचं आधी नीट समजून घ्या

पाणी पिण्याच्या सुन्नतबद्दल, म्हणजे पैगंबरांच्या पद्धतीबद्दल, व्हॉट्सअ‍ॅपवर जे फिरतं त्यात गुडघे आणि किडनीच जास्त असतात. उभ्याने प्यायलं तर गुडघे जातात, गटागटा प्यायलं तर अमुक होतं, आणि शेवटी सायन्सने सिद्ध केलंय. हे पुढे ढकलणं आधी बंद करा. नबी-ए-करीम (स.), म्हणजे पैगंबर मुहम्मद, असं पाणी प्यायचे, म्हणून आपण प्यायचं, सुन्नतला एवढं कारण पुरतं. मी मकतबमध्ये, म्हणजे दीन शिकवणाऱ्या शाळेत, पोरांना शिकवते, त्यांना जसं सांगते तसंच इथे लिहितेय.

बसा, ग्लास उजव्या हातात घ्या, आत एकदा बघा, बिस्मिल्लाह (अल्लाहच्या नावाने) म्हणा. विसरलात तर आठवेल तेव्हा "बिस्मिल्लाहि अव्वलहू व आखिरहू" (सुरुवातीलाही आणि शेवटीही अल्लाहच्या नावाने) म्हणा, ही दुआ जेवणासाठी आलीय पण पाण्यालाही चालते. आत बघायचं अशासाठी की कचरा दिसला तर फुंकर मारायची नाही. तिरमिजी या हदीसच्या किताबात हदीस (नबींच्या बोलण्या-वागण्याची नोंद) आहे, एकाने विचारलं की भांड्यात काडीकचरा दिसला तर काय करू, तर नबींनी सांगितलं, ओतून टाक. वरचं थोडं पाणी ओतलं की कचरा त्याबरोबर जातो, अख्खा ग्लास मोरीत रिकामा करायची गरज नाही.

उजव्या हाताचं सगळ्यांना माहीत असतं, पण जेवताना गाडी अडते. उजवा हात सालनात (रश्श्यात) बरबटलेला, म्हणून लोक ग्लास डाव्या हाताने उचलतात आणि उजव्या हाताची मागची बाजू ग्लासला नुसती टेकवतात. माझ्या मते ही पळवाट आहे. बोटं चाटून घ्या, तीही सुन्नतच आहे, आणि मग ग्लास सरळ उजव्या हातात धरा. ग्लासला थोडं तेल लागलं तर लागलं, नाहीतरी जेवणानंतर तो घासायचाच असतो. हाताला दुखापत असेल किंवा उजवा हात चालतच नसेल तर त्याला माफी आहे, अशा माणसाला टोकत बसू नका.

आता तीन श्वास. सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच, आणि मलाही हीच पायरी अंगवळणी पडायला सगळ्यात जास्त वेळ लागला. "तीन घोट घ्या" असं जे सांगतात ते अर्धवट सांगतात. मग पोरं काय करतात, तीन इवलेसे घोट मोजून घेतात आणि उरलेला ग्लास एका दमात घशाखाली उतरवतात, किंवा ग्लास ओठाला तसाच ठेवून मध्ये मध्ये नाकाने श्वास सोडतात, म्हणजे तो श्वास पाण्यावरच पडतो. भांड्यात श्वास सोडायला तर मनाई आहे, नबींचे सोबती अबू कतादा (रजि.) यांची हदीस बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या दोन्ही किताबांत आहे. तीन हा आकडा घोटांचा नाहीच, तो थांबण्याचा आहे.

करायचं असं. दोनचार घोट प्या, मग ग्लास तोंडापासून पूर्ण लांब न्या. दोन बोटं लांब नाही, खाली छातीपर्यंत आणा, जमलं तर मांडीवर टेकवा. आता श्वास सोडा, घ्या, घाई नको. परत उचला, परत दोनचार घोट, परत खाली. तिसऱ्यांदा संपवा आणि अल्हम्दुलिल्लाह म्हणा. जमतंय की नाही हे बघायला स्टीलचा ग्लास बरा. गार पाण्याच्या ग्लासात श्वास गेला की आतल्या बाजूला, पाण्याच्या वर, धुरकट वाफ धरते. पोरांना मी तेच दाखवते, एकदा डोळ्यांनी दिसलं की परत सांगावं लागत नाही.

खरी परीक्षा इफ्तारला असते. उन्हाळ्यातला रोजा असेल तर खजूर तोंडात गेल्याबरोबर हात पाण्याकडे धावतो आणि मग कुठले श्वास आणि कुठलं काय. यावर माझा एकच उपाय आहे, ग्लास अर्धाच भरा. भरलेला ग्लास हातात आला की माणूस तो रिकामा करूनच खाली ठेवतो. आणि नबींचे सेवक अनस (रजि.) सांगतात की नबी पिताना तीनदा श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, याने तहान जास्त चांगली भागते. रोजा सोडताना स्वतः करून बघा, पटेल. पण कुणी एका दमात प्यायलाच तर ते हराम नाही, त्याच्यावर ओरडू नका.

उभ्याने पिण्याचंही तसंच. बसून पिणं चांगलं, उभ्याने प्यायला मना केल्याची हदीस मुस्लिममध्ये आहे. पण नबींचे चुलत भाऊ इब्ने अब्बास (रजि.) यांनी जमजम (मक्केतल्या विहिरीचं पाणी) दिलं तेव्हा नबी उभ्याने प्यायले, हेही बुखारीत आहे आणि नबींचे जावई अली (रजि.) इराकमधल्या कूफा शहरात लोकांसमोर मुद्दाम उभ्याने प्यायले होते. त्यामुळे एसटी स्टँडवर नळापाशी कुणी उभ्याने पाणी पितोय तर त्याला गुनाहगार ठरवायचं काही कारण नाही.

मशकीच्या (पाण्याच्या कातडी पिशवीच्या) तोंडाला तोंड लावून पिऊ नये असं आलंय. प्लास्टिकच्या बाटलीचं मी तसंच धरते, खासकरून ती चौघांत फिरणार असेल तर. सोबत एक छोटा पेला ठेवा. टवका उडालेल्या कपाच्या त्या फुटक्या जागेवरून पिऊ नका, याचीही हदीस आहे.

वाटताना उजवीकडून सुरुवात. अनस (रजि.) यांच्या घरी नबींच्या डावीकडे त्यांचे सगळ्यात जवळचे सोबती अबू बक्र (रजि.) होते आणि उजवीकडे एक गावाकडचा अरब, तरी पेला आधी उजवीकडे गेला. म्हणून आपल्याकडे मशिदीत इफ्तारला जग घेऊन आधी ट्रस्टींकडे धावतात ते मला पटत नाही. आणि वाटणाऱ्याने स्वतः सगळ्यांच्या शेवटी प्यायचं.

रात्री माठ झाका. ताट नसेल तर बिस्मिल्लाह म्हणून एक काडी आडवी ठेवली तरी चालते, हदीसमध्ये एवढी सूट दिलेली आहे, तेव्हा झाकण सापडत नाही ही सबब चालणार नाही.