मृगाच्या पहिल्या सरींत कोळंबीचं तळं सांभाळा

पालघर, रायगड, रत्नागिरीत ज्यांच्या तळ्यात अजून ऐंशी-नव्वद दिवसांची व्हेनामी जातीची कोळंबी आहे, त्यांनी आज रात्रीच तळ्यावर मुक्काम टाकावा. दरवर्षी मी एकच नुकसान बघतो. दुपारी मोठी सर येते, आभाळ भरलेलं राहतं आणि डिझेल वाचवायला रात्री एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, बंद ठेवला जातो. पहाटे कोळंबी बांधाच्या कडेला मिशा वर काढून उभी असते.

पावसाचं गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं. खालच्या खाऱ्या पाण्यात हवा पोचत नाही. ऊन नसल्यानं शेवाळाचं हिरवं पाणी प्राणवायू बनवत नाही, रात्री उलट खातं. म्हणून पहाटे तीन ते पाच ही वेळ सर्वांत वाईट. विरघळलेला प्राणवायू लिटरला 4 मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका, आणि मीटर तळाशी सोडूनच मोजा. मीटर नसेल तर बगळ्यांकडे बघा. उजाडायच्या आत ते बांधावर रांगेनं बसले की तळं गुदमरलंय, असा माझा अनुभव आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पुष्कळ कोळंबी एकदम कात टाकते, त्या रात्री तर एरेटर बंद करायचाच नाही.

सर थांबताच वरचं गोडं पाणी उघाडीच्या (तळ्याच्या पाणी सोडायच्या दाराच्या) वरच्या फळीवरून सोडा. सामू (पीएच) 7.5 च्या खाली आला तर संध्याकाळी हेक्टरी 100 ते 200 किलो कृषी चुना. माल तळ्यात असताना चुनकळी टाकू नका, सामू एकदम चढतो आणि अमोनिया जास्त विषारी होतो.

बाकीची कामं: पाऊस पडत असताना खाद्य निम्मं, चेक ट्रे (खाद्य खाल्लं का ते बघायची ताटली) दोन तासांनी, क्षारता (अल्कलिनिटी, खारेपणा नव्हे) 100 पीपीएमच्या वर, जनरेटरला डिझेल, बांधाच्या घळी बुजवणं, पक्ष्यांची जाळी, पुढच्या बीजाची रोगासाठी पीसीआर तपासणी.

गुदमरून अशक्त झालेल्या मालाला मग रोग धरतो, आणि दुकानदार बाटली घेऊन बांधावर येतो. माझ्या ओळखीच्या एकानं अशी बिनलेबलची बाटली खाद्यात मिसळली. माल जगला, पण काढणीआधीच्या तपासणीत अडकला आणि स्थानिक बाजारात कवडीमोलानं गेला. अशा बाटलीत असू शकणारी क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान ही प्रतिजैविकं बंद आहेत, अंशही चालत नाही. 2023-24 मध्ये देशाची मासळी निर्यात 60,523 कोटींची झाली, त्यातले 40,013 कोटी एकट्या गोठवलेल्या कोळंबीचे. त्यातला एखादा कंटेनर अमेरिकेत किंवा युरोपात अडला की पुढच्या हंगामात भाव आपल्या सगळ्यांचा पडतो.

झिओलाइट आणि प्रोबायोटिकच्या बाटल्यांवर घालता तेवढे पैसे एका जादा एरेटरवर घाला. साधारण 400 ते 500 किलो मालामागे एक अश्वशक्ती लागते. काढणीच्या आधी एम्पेडाच्या (सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाच्या) एलिसा प्रयोगशाळेत, जिथं प्रतिजैविकांचे अंश तपासतात, नमुना द्या, कोस्टल अ‍ॅक्वाकल्चर अथॉरिटीची (किनारी मत्स्यशेतीवर देखरेख करणारं सरकारी प्राधिकरण) नोंदणी संपली असेल तर ती याच आठवड्यात करून घ्या. आणि आज गजर पहाटे तीनचा लावा.