अमेरिकेतल्या पुरोगामी नेत्याची राजकीय कुंडली कशी काढायची (बर्नी सँडर्सला समोर ठेवून)

परवा एका मित्राशी वाद झाला. तो म्हणे बर्नी सँडर्स (व्हरमाँट राज्याचा सिनेटर) डेमोक्रॅट आहे, मी म्हटलं अजिबात नाही, अपक्ष आहे, तर तो म्हणे मग दोनदा डेमोक्रॅटांची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागायला कसा काय गेला, आणि खरं सांगतो, तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. मग रात्री बसून शोधलं. त्यातून जी पद्धत सापडली ती इथे टाकतोय, अमेरिकेच्या संसदेतल्या (तिला काँग्रेस म्हणतात) कुठल्याही सिनेटरला, म्हणजे वरच्या सभागृहातल्या, किंवा हाऊसच्या, म्हणजे खालच्या सभागृहाच्या मेंबरला लावून बघा.

पहिली गोष्ट, नावापुढचं ते डी (डेमोक्रॅट), आर (रिपब्लिकन) किंवा आय (अपक्ष) हे अक्षर बघून थांबायचं नाही. आधी कुठल्या साली कुठल्या निशाणीवर कुठली निवडणूक लढवली ते एका कॉलममध्ये ओळीने लिहून काढा, हरलेल्या निवडणुका पण, कारण खरी माहिती तिथेच असते. काँग्रेसचीच एक बायोग्राफिकल डिरेक्टरी ऑनलाइन आहे, तिथे पदांच्या तारखा पक्क्या मिळतात, पण पराभव सगळे मिळतीलच असं नाही, ते राज्याच्या निवडणूक निकालांत शोधायचे.

सँडर्सचं असं निघालं. १९७१ ला व्हरमाँटमधल्या लिबर्टी युनियन नावाच्या छोट्या युद्धविरोधी पक्षात गेला, १९७२ ते १९७६ मध्ये त्यांच्यातर्फे चार वेळा उभा राहिला, दोनदा सिनेटला, दोनदा गव्हर्नरला, आणि सगळ्यात चांगली मतं पडली ती सहा टक्के. १९७७ ला पक्ष सोडला. १९८१ ला बर्लिंग्टनचा महापौर झाला, अपक्ष म्हणून, फक्त १० मतांनी, आणि हरवलं कोणाला तर खुर्चीवर बसलेल्या डेमोक्रॅट महापौराला! १९८८ ला हाऊसला उभा राहिला, रिपब्लिकन पीटर स्मिथकडून हरला, दोन वर्षांनी त्याच स्मिथला पाडून वॉशिंग्टनला गेला. २००६ ला सिनेट, आणि तेव्हापासून तिथेच, २०२४ ला चौथ्यांदा निवडून आला.

आता दुसरा कॉलम काढा, तो बसतो कोणाबरोबर. काँग्रेसमध्ये कमिट्यांच्या जागा दोन मोठे पक्ष वाटून घेतात, त्यामुळे अपक्ष माणसाला कोणाच्या तरी गटाला जोडून घ्यावंच लागतं, नाहीतर कमिटीत जागाच नाही. सँडर्स कायम डेमोक्रॅटांच्या बाजूला बसला, त्यांच्याच कोट्यातून २०२१ मध्ये सिनेट बजेट कमिटीचा अध्यक्ष झाला आणि २०२३ मध्ये आरोग्य, शिक्षण, कामगार बघणाऱ्या कमिटीचा. म्हणजे नोंद अपक्ष आणि खुर्ची डेमोक्रॅटांची, दोन्ही एकाच वेळी खरं.

आणि तिसरा कॉलम म्हणजे बॅलटवर नाव कसं आलं. इथे माझ्या मित्राच्या प्रश्नाचं उत्तर आहे. २००६ ला आणि परत २०१८ ला सँडर्सने व्हरमाँटमध्ये डेमोक्रॅटांची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायची निवडणूक, लढवली, जिंकली, आणि मग त्यांची उमेदवारी नाकारून अपक्ष म्हणूनच उभा राहिला, म्हणजे दुसरा तगडा डेमोक्रॅट मध्ये यायला नको आणि लेबल पण लागायला नको. २०१९ ची गंमत तर अजून भारी आहे. मार्चच्या एकाच आठवड्यात त्याने २०२४ च्या सिनेट निवडणुकीसाठी अपक्ष म्हणून कागद भरला आणि राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या हमीपत्रावर आपण डेमोक्रॅट आहोत अशी सही पण केली. त्यामुळे "तो कुठल्या पक्षाचा" असं मोघम विचारायचंच नाही, कुठल्या साली आणि कुठल्या कागदावर असं विचारायचं.

न्यूयॉर्कचे नेते बघत असाल तर अजून एक घोळ लक्षात ठेवा. तिथे एकाच उमेदवाराचं नाव बॅलटवर दोन-दोन पक्षांच्या ओळीत येऊ शकतं. २०१८ ला अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझने हाऊसच्या जागेसाठीच्या डेमोक्रॅट प्रायमरीत तेव्हाचा मेंबर जो क्राउलीला हरवलं, तरी नोव्हेंबरच्या बॅलटवर क्राउलीचं नाव वर्किंग फॅमिलीज पार्टीच्या ओळीत तसंच होतं. असं काही दिसलं की लगेच बंडखोरी वगैरे समजू नका, आधी ती ओळ कशी मिळाली ते बघा.

प्रोग्रेसिव्ह हा पक्ष नाही, हे पण सांगून ठेवतो. काँग्रेशनल प्रोग्रेसिव्ह कॉकस हा सभागृहातल्या मेंबरांचा गट, १९९१ ला सुरू झाला, सँडर्स त्याच्या संस्थापकांपैकी एक आणि पहिला अध्यक्ष. डेमोक्रॅटिक सोशलिस्ट्स ऑफ अमेरिका ही सभागृहाबाहेरची संघटना, तिचे सदस्य वर्गणी भरतात, ओकासिओ-कोर्टेझ तिच्या सदस्य आहेत. संघटनेचा पाठिंबा मिळणं वेगळं, सदस्य असणं वेगळं, आणि स्वतःला सोशलिस्ट म्हणवून घेणं आणखी वेगळं. या तिन्हीची खिचडी करणारे लेख पोत्याने सापडतील.

आता मतदान. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. हाऊसचे रोल कॉल (कोणी काय मत दिलं याची नावानिशी नोंद) हाऊस क्लर्कच्या साइटवर, सिनेटचे सिनेटच्या साइटवर आणि बिलाचा सगळा प्रवास काँग्रेस डॉट गव्हवर. दर दोन वर्षांनी काँग्रेसचा नंबर बदलतो, २०२१-२२ ची ११७ वी, आणि पास न झालेलं बिल तिथेच मरतं, पुढच्या वेळी नवीन नंबरने आणावं लागतं. म्हणून नंबर शोधताना काँग्रेस कितवी ते आधी बघा, मी एकदा पाऊण तास भलतंच बिल वाचत बसलो होतो.

नुसतं येस-नो बघितलं की माणूस तोंडावर आपटतो. जुलै २०१७ मध्ये सिनेटमध्ये सरकारी आरोग्यविम्याची अमेंडमेंट मतदानाला आली, शून्य मतं बाजूने, ५७ विरोधात आणि ४३ जणांनी फक्त "प्रेझेंट" म्हटलं, त्यात सँडर्स पण होता. वरवर बघितलं तर वाटेल हा स्वतःच्याच मागणीला मत देत नाही! पण अमेंडमेंट आणली होती रिपब्लिकन स्टीव्ह डेन्सने, डेमोक्रॅटांना अडचणीत आणायला, आणि स्वतः डेन्सनेच विरोधात मत दिलं. पुढे मार्च २०१९ मध्ये ग्रीन न्यू डील या हवामानबदलावरच्या ठरावाच्या वेळी रिपब्लिकन नेते मॅकॉनेल यांनी हाच डाव टाकला आणि आकडे पण तेच आले, ०-५७ आणि ४३ प्रेझेंट. तेव्हा मत बघायच्या आधी ते मतदान मागितलं कोणी हे बघायचं.

दुसरं उदाहरण ५ नोव्हेंबर २०२१ चं. एच. आर. ३६८४ हे पायाभूत सुविधांचं बिल हाऊसमध्ये २२८-२०६ ने पास झालं. १३ रिपब्लिकनांनी बाजूने मत दिलं आणि सहा डेमोक्रॅटांनी विरोधात, ओकासिओ-कोर्टेझ, ओमर, तलैब, प्रेस्ली, बोमन आणि बुश. यांना रस्ते-पूल नको होते का? तसं नाही. त्यांचं म्हणणं होतं की सामाजिक खर्चाचं मोठं बिल याच्या बरोबरच पास करा, हे एकटं सोडलं तर ते मागे राहील. मतांवरून कोण किती डावा-उजवा ते सांगणारे व्होटव्ह्यूसारखे जे आपोआप निघणारे स्कोअर आहेत त्यांना हे कळत नाही, डावीकडून विरोध केला काय नि उजवीकडून केला काय, त्यांच्या हिशोबात दोन्ही पक्षाविरुद्धच, त्यामुळे ही मंडळी तिथे मध्याच्या जवळ दिसतात. स्कोअर बघा, पण वादात तोंडावर फेकू नका.

न आवडणारी मतं पण शोधाच, नाहीतर कुंडली नाही, आरती होते. सँडर्सने १९९३ ला ब्रेडी बिलाच्या, म्हणजे बंदूक घेण्याआधी पाच दिवस थांबायची अट घालणाऱ्या बिलाच्या विरोधात मत दिलं, आणि २०१३ ला बंदूक खरेदीच्या तपासणीच्या बाजूने. १९९४ च्या क्राइम बिलाला हो म्हटलं, त्यात महिलांवरच्या अत्याचाराविरुद्धचा कायदा होता म्हणून, असं त्याचं म्हणणं. इराक युद्धाला २००२ मध्ये नाही म्हटलं, पण २००१ मध्ये ११ सप्टेंबरनंतर लष्करी बळाची परवानगी ४२०-१ ने पास झाली तेव्हा त्याचं मत ४२० मध्ये होतं, तो एक विरोध बार्बरा ली यांचा.

को-स्पॉन्सरच्या, म्हणजे दुसऱ्याच्या बिलाला सही देऊन पाठिंबा देणाऱ्यांच्या, याद्यांवर फार जीव टाकू नका, सही करायला काही लागत नाही. पण दोन याद्या शेजारी ठेवल्या तर मजा येते, सँडर्सच्या २०१७ च्या मेडिकेअर फॉर ऑल (सगळ्यांना सरकारी आरोग्यविमा) बिलावर १६ सह्या होत्या, २०१९ च्या बिलावर १४.

पैशाचं फेडरल इलेक्शन कमिशनच्या साइटवर बघा. तिथे २०० डॉलरच्या वर देणाऱ्यांची नावं आणि नोकरीचं ठिकाण येतं, आणि इथेच सगळे फसतात. एखाद्या उमेदवाराच्या देणगीदारांत मोठ्या कंपनीचं नाव दिसलं म्हणजे कंपनीने पैसे दिले असं नाही, कंपन्यांना फेडरल उमेदवाराला थेट पैसे द्यायला बंदी आहे, ते बहुतेक तिथे काम करणाऱ्या लोकांनी आपापल्या खिशातून दिलेले असतात. २०० च्या आतल्या देणगीदारांची नावं उमेदवाराला द्यावी लागत नाहीत, आणि छोट्या देणग्यांवर चालणाऱ्या नेत्यांच्या बाबतीत खरा मोठा ढीग तोच असतो, तो "अनआयटमाइज्ड" (नावांची फोड न केलेला) असा एका ओळीत येतो, ती ओळ आधी शोधा.

आणि व्हॉइस व्होटने, म्हणजे नुसत्या तोंडी हो-नाहीच्या आवाजावर, पास झालेल्या गोष्टींवर कोणाचं मत कुठे होतं ते रोल कॉलमध्ये सापडणारच नाही, उगाच शोधत रात्र घालवू नका, भाषणांच्या काँग्रेशनल रेकॉर्डमध्ये त्या दिवसाचं पान उघडून तो माणूस त्यावर काही बोलला का एवढंच बघायचं.